लुगड्यासाठी एक बंद खोली

वसईजवळच्या वटार गावातल्या त्या खोलीला खिडकी नाही. एसी नाही, पंखाही नाही. एकामागे एक अशी दोन दारं आहेत आणि पावसाळाभर दोन्ही बंद असतात. आत गावाचं सामान आहे. रहाटाचे लाकडी भाग, तांब्याचे हंडे, मुसळं, जुन्या बँडची पितळी वाद्यं, लग्नाचे फोटो आणि एक लाल लुगडं. हंड्यांवर थोडं हिरवं चढलं असतं तर गावात कुणी मनावर घेतलं नसतं. खोली झाली ती लुगड्यामुळे.

लुगडं एका आजीचं. म्हणजे त्यांच्या आईचं, तिच्या लग्नातलं. वस्ती बहुतेक ख्रिस्ती; गावातल्या बऱ्याच वयस्क बायका पुरताना आपल्याला काय नेसवायचं ते आधीच काढून ठेवतात, तसं आजींनी हे लुगडं ट्रंकेत वेगळं ठेवलं होतं. सुनेला ट्रंक दाखवूनही झाली होती. मग गावच्या ट्रस्टनं संग्रहालय काढायचं ठरवलं, घरोघर फिरून वस्तू मागितल्या आणि आजींनी सगळ्यांना चकित करून ते लुगडं देऊन टाकलं. अट एकच घातली. जसं आहे तसं राहिलं पाहिजे. खराब व्हायला लागलं तर परत द्यायचं.

"मातीतच जायचं असेल तर माझ्याबरोबर जाऊ दे," असं त्या म्हणाल्या होत्या.

मला हे सगळं नंतर कळलं. मी मुंबईतल्या एका संग्रहालयात भांडारविभागात काम करते. लोक बघतात त्या वस्तू थोड्या, बाकीच्या आमच्याकडे कपाटांत असतात. राहते वसईजवळ, आचोळ्याला. ट्रस्टचे अध्यक्ष, एक निवृत्त मुख्याध्यापक, गावातली मंडळी घेऊन आमचं संग्रहालय बघायला आले होते. दालनं बघून झाल्यावर ते सरळ ऑफिसात आले आणि म्हणाले, "आमच्याकडे एसी आहे, तरी लुगड्याला बुरशी आली. का आली ते सांगणारा माणूस कोण आहे इथे?"

सांगणारा माणूस मी होते. शनिवारी स्कूटरनं वटारला गेले.

खोली चांगली होती, भिंती जाड. एसीही चांगला होता. त्याच्याखाली संगमरवरी पाटी होती, परदेशी स्थायिक झालेल्या एका गावकऱ्याच्या देणगीची. अडचण अशी की पावसाळ्यात तिथे वीज जाते. नारळाच्या वाड्यांमधून तारा गेल्यात, एक नारळाची झावळी पडली की काम झालं. एसी चालू असताना खोली थंड, लाकूड थंड, कापड थंड. वीज गेली की फटींमधून बाहेरची ओली हवा आत येते आणि थंड वस्तूंवर बसते. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला घाम येतो, तसाच. वीज आली की पुन्हा गार. असं पावसाळाभर. त्यापेक्षा लुगडं आजींच्या ट्रंकेत सुखात होतं.

हे मी अध्यक्षांना, म्हणजे सरांना, सांगत होते आणि आजी दारात उभ्या होत्या. लाल लुगड्यातच होत्या, रोजच्या. बरोबर सून, तिच्या हातात रिकामी पिशवी.

"न्यायला आले," आजी म्हणाल्या.

सर गडबडले. "आजी, बसा तरी. या मॅडम मुंबईच्या संग्रहालयातून आल्यात."

"मुंबईची बाय आली तर बुरशी गेली का?"

मी म्हटलं, "नाही गेली. पण काढता येईल. डाग थोडा राहील."

"आणि पुढच्या पावसात?"

मी खरं ते सांगितलं. एसी असाच राहिला तर पुन्हा येईल. त्यावर त्या सुनेशी त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी बोलल्या. मला अर्धंच कळलं, पण सून हसली आणि सर हसले नाहीत.

त्या दिवशी लुगडं पिशवीत जाऊन घरी गेलं असतं तर संग्रहालयच बंद पडलं असतं, हे मला सरांनी नंतर सांगितलं. आजींनी दिलं म्हणून दुसऱ्यांनी दिलं होतं. आजींनी नेलं तर सगळे आपापलं न्यायला रांगेत उभे राहणार. पण तेव्हा मला संग्रहालयाची फिकीर नव्हती. मला त्या लुगड्याच्या काठाचं विणकाम दिसत होतं आणि ते मातीत जाऊ द्यायचं नव्हतं. मी आजींना म्हटलं, "मला एक पावसाळा द्या. खोली बदलते. पावसाळा संपल्यावर तुमच्यासमोर उघडू. एक जरी नवा डाग दिसला तरी मी स्वतः घरी आणून देईन."

"एक पावसाळा माझ्याकडे आहे की नाही कुणाला माहीत," त्या म्हणाल्या. मग सुनेच्या हातातली पिशवी घेतली, घडी घातली आणि काखेत धरली. "बरं. एकच."

यंत्राशिवाय वस्तू ठेवायची कल्पना माझी नाही. जगात बऱ्याच ठिकाणी तसं करतात, आणि आपल्याकडे तर घरोघर करत होते. कणगी आठवा. बांबूची, शेणामातीनं लिंपलेली, भात भरून तोंड बंद. तिला कुणी वारा घालत नाही. कोरड्या दिवसांत कोरडा माल भरायचा, भिंत अशी ठेवायची की बाहेरचा ऊन-पाऊस आत लवकर पोचू नये, आणि मग हात लावायचा नाही. खोलीचंही तेच. जाड आवरण असलं की दिवसरात्रीचा फरक आत कळत नाही. फटी बुजवल्या की ओल शिरायला महिने लागतात. आणि आतलं लाकूड, कागद, सुती कापड थोडीफार ओल पिऊन घेतं, हवा कोरडी झाली की सोडतं. विजेचा संबंधच नाही.

आवरणासाठी मी वसई पूर्वेच्या एका ठेकेदाराला गाठलं. तो मासळीवाल्यांना बर्फाच्या खोल्या बांधून देतो. पत्र्याच्या दोन थरांमध्ये फोम भरलेली जाड पफ पॅनेल त्याच्याकडे थोडी पोचे आलेली पडून होती, ती स्वस्तात मिळाली. माणूस कामाचा, पण त्याला काही केल्या पटेना.

"मॅडम, मशीन कुठे बसवायची?"

"मशीन नाही."

"नंतर बसवणार?"

"कधीच नाही."

"मग थंड कसं होणार?"

"थंड करायचंच नाही."

"मग तुम्ही कोल्ड रूम कशाला बनवताय?"

"कोल्ड रूम नाही. नुसती रूम."

"आमच्या धंद्यात नाव खराब होईल हां," तो म्हणाला. "कुणाला सांगू नका मी केली म्हणून." पण सांधे त्यानं असे भरले की आतून दार लावलं की बाहेरच्या कावळ्याचा आवाजही येईना.

एसी काढायला ट्रस्टमधले दोघे तयार नव्हते. देणगीदार डिसेंबरात गावी येतो, त्याला पाटी दिसली पाहिजे. शेवटी एसी आणि पाटी दोन्ही ऑफिसात हलवली. तेव्हापासून ट्रस्टच्या सभा लांबायला लागल्या असं सर सांगतात.

बुरशी मी मऊ ब्रशनं काढली, जाळी लावून हलक्या ओढीच्या व्हॅक्यूमनं खेचून घेतली. काठाजवळ दोन फिकट डाग राहिले. त्यांचे फोटो काढले, पण त्याची गरज नव्हती, मला ते पाठ झाले होते. मग लुगडं धुतलेल्या कोऱ्या मांजरपाटाच्या बऱ्याच थरांत गुंडाळून पेटीत ठेवलं. रिकाम्या फळ्यांवरही मांजरपाटाच्या घड्या रचल्या. आत एक काट्याचं यंत्र टांगलं, हवेतली ओल दाखवणारं, हिरवा-पिवळा-लाल पट्टा असलेलं. आतल्या दाराला वितभर काच बसवली, म्हणजे दोन दारांच्या मधल्या जागेत उभं राहून काटा बघता येईल.

खोली मेमध्ये भरायची असं सगळ्यांनी धरलं होतं. वाळवणं मेमध्येच होतात ना. पण किनाऱ्यावर मेमधला वारा समुद्राकडून येतो, उकाड्याबरोबर ओल आणतो. कोरडा वारा थंडीतला, जमिनीवरून येणारा. म्हणून आम्ही फेब्रुवारीत सामान भरलं आणि दार लावायचा दिवस ठरवला.

त्या दिवशी फादर आशीर्वाद द्यायला आले, हातात पवित्र पाण्याचं भांडं. मागे बरंच गाव. मी उंबऱ्यावरच उभी राहिले.

"फादर, आत नको."

"पवित्र पाणीसुद्धा नको?"

"पाणी ते पाणीच, फादर."

मागे कुणीतरी तोंडात मारल्यासारखं "अरे देवा" म्हणालं. फादर मात्र हसले आणि बाहेरच्या भिंतीला आशीर्वाद देऊन मोकळे झाले. शेजारच्या हिंदू आळीतल्या एकांनी नारळ आणला होता, तो पायरीवर फुटला. दार लागलं. आजी खुर्चीवर बसून सगळं बघत होत्या. जाताना मला म्हणाल्या, "आई माझी कधी खोलीत कोंडून राहिली नाही बघ. दिवसभर वाडीत असायची."

जून आला. वीज गेली, आली, गेली. पहिल्यांदाच वीज जाण्यानं मला काही फरक पडत नव्हता, म्हणजे वटारपुरता. घरी आमच्या कपाटात माझ्या साड्यांना वास यायला लागला होता. नवरा म्हणाला, "गावाचं लुगडं सांभाळतेस, जरा माझ्या कोटाकडेही बघ." कोटाला खरंच बुरशी होती.

शनिवारी मी काटा बघून यायचे. हिरव्यात होता, मग पिवळ्याच्या तोंडाशी आला आणि तिथेच राहिला. आजी रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की येत. सर बाहेरचं दार उघडून त्यांना मधल्या जागेत घेत, दार लावून घेत आणि आजी काचेला डोळे लावत. पेटी तिथून दिसत नाही. फक्त काटा दिसतो.

ऑगस्टमध्ये पावसानं उघडीप दिली. कडक ऊन पडलं. आमच्या इमारतीत सगळ्या गॅलऱ्यांतून गाद्या लोंबायला लागल्या. त्या शनिवारी मी वटारला पोचले तेव्हा लांबूनच दिसलं, बाहेरचं दार उघडं. आतलंही उघडं. आतल्या दाराच्या तोंडाशी सरांनी घरचा उभा पंखा लावला होता, तोंड आतल्या बाजूला. सर हातात वर्तमानपत्र घेऊन बाकावर बसले होते, राखण करायला.

मी काय ओरडले ते लिहीत नाही. पंखा ओढून काढला, दोन्ही दारं लावली. काचेतून पाहिलं. काटा लालमध्ये होता.

"हवा नको का खेळायला?" सर म्हणाले. "किती महिने कोंदलंय आत. शाळेत मी नोकरीभर सकाळी आधी खिडक्या उघडल्या. मुलं आजारी पडली नाहीत कधी."

"सर, ही मुलं नाहीत."

"ऊन पडलं होतं म्हणून..."

"ऊन पडलं म्हणूनच! पावसानंतरच्या उन्हात जमिनीतली सगळी ओल हवेत असते. तीच पंख्यानं आत भरलीत तुम्ही."

सर पंख्याची वायर गुंडाळायला लागले. माणूस चांगला आहे, आणि त्यांनी केलं ते आपल्याकडचा कुठलाही जबाबदार माणूस करेल. उघडीप मिळाली की गाद्या, पापड, धान्य, पुस्तकं सगळं बाहेर. आपण काळजी घेतो ती हात लावून घेतो. झटकतो, उलटतो, ऊन दाखवतो. हात लावायचा नाही हीच काळजी, हे मी इतके महिने सांगत होते, आणि त्यांनी मान डोलावली होती, आणि ऊन पडल्यावर त्यांचे हात उठले.

"आता काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही करायचं."

त्यांना ते सोसेना. कोळशाची पोती ठेवू या, मोठे बल्ब लावू या, कळीचा चुना आणू या. माझ्याही डोक्यात हे सगळं येऊन गेलं होतं. पण प्रत्येकासाठी दार पुन्हा उघडावं लागणार होतं, आणि बाहेरची हवा आतल्याहून वाईट होती. लाकडानं आणि मांजरपाटानं ओल प्यायची, एवढीच आशा. अडचण अशी की लुगडंही सुतीच. तेही पिणार. मी स्वतःला सांगत होते की थर बरेच आहेत, बाहेरचे आधी पितील. पण किती आधी, ते मला माहीत नव्हतं. मुंबईत आमच्या संग्रहालयात काटा हलला तर आम्ही इंजिनिअरला फोन करतो. इथे फोन करायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार असूनही मी गेले, कारण आजींना मीच सांगायला हवं होतं. त्या काचेतून बघून बाहेर आल्या. मी सुरुवात करण्याआधीच म्हणाल्या, "मास्तरला बोलू नको. मी सांगितलं उघडायला."

"तुम्ही?"

"पेटी तरी बघू दे म्हटलं. तो नाही म्हणत होता. मी म्हटलं, तुझ्या आईचं असतं तर? मग उघडलंन. मी पेटी बघितली आणि घरी गेले. पंखा त्याच्या डोक्यातला."

सर बाकावरून म्हणाले, "उघडलंच आहे तर म्हटलं, जरा हवा..."

"तू गप," आजी म्हणाल्या. मग मला, "काटा लाल आहे. म्हणजे गेलं?"

"माहीत नाही. उघडून बघितलं तर आणखी ओल जाईल. नाही बघितलं तर कळणार नाही."

"मग?"

"मग थांबायचं. दिवाळीपर्यंत."

मला वाटलं आता पिशवी निघणार. त्यांना हक्क होता. त्या म्हणाल्या, "मी माझ्या आईला शेवटी बघितलं नाही. मी बाळंतीण होते, कुणी जाऊ दिलं नाही. लुगडं तेवढं आलं घरी." आणि सुनेचा हात धरून उठल्या. पुढच्या रविवारी आल्या, काचेतून काटा बघितला, घरी गेल्या. त्याच्या पुढच्याही. दार उघड असं पुन्हा म्हणाल्या नाहीत.

काटा हळूहळू उतरला. लालमधून पिवळ्यात यायला त्यानं जो वेळ घेतला, त्यात गणपती येऊन गेले, मतमावलीची जत्रा होऊन गेली. मी काही प्रार्थना वगैरे केली नाही. नवऱ्याचा कोट ड्रायक्लीनला दिला.

दिवाळीनंतर एका कोरड्या सकाळी खोली उघडली. मी, सर, आजी, सून. बाकी कुणाला बोलावलं नव्हतं. पेटी बाहेरच्या खोलीत टेबलावर आणली. वरचे मांजरपाटाचे थर हाताला जड लागले, एकावर करड्या रंगाची पुसट छटा होती. सरांनी ती पाहिली आणि चष्मा काढला. मी थर उलटत गेले. आतले कोरडे होते. मग लाल रंग आला. काठ उलगडला. दोन डाग होते, तेच, तिथेच. मी खिडकीच्या उजेडात सगळी घडी इंच इंच पाहिली आणि मग पुन्हा एकदा पाहिली.

"तिसरा नाही," मी म्हटलं.

आजींनी लुगडं ओढून घेतलं, तोंडाशी धरलं आणि वास घेतला. बराच वेळ घेतला.

"वासच नाही," त्या म्हणाल्या. "ट्रंकेत होतं तेव्हा तिचा वास होता."

ज्याला त्या आईचा वास म्हणत होत्या त्यात ट्रंकेचा गंज, कडुनिंबाचा पाला, डांबराच्या गोळ्या आणि थोडी बुरशीही असणार. तो घालवणं हेच माझं काम होतं. मी ते नीट केलं होतं.

सुनेनं पिशवी आणली होती. ती तिच्या हातात होती, उघडी. आजींनी लुगडं गुडघ्यावर पसरलं, काठावरून बोट फिरवलं, डागांवरून फिरवलं. मग स्वतःच घडी घालायला लागल्या. घडी माझ्या पद्धतीची नव्हती, पण मी मध्ये पडले नाही.

"मला दुसरं काहीतरी काढून ठेव," त्या सुनेला म्हणाल्या. "ते विटकरी चालेल."

"आणि वर गेल्यावर तुमच्या आईनं विचारलं, माझं लुगडं कुठंय, तर?" सुनेनं विचारलं.

"सांगेन, एका बाईनं कोंडून ठेवलंय. दार उघडू देत नाही."

सर मोठ्यानं हसले, चष्मा पुसता पुसता. मी त्यांची घडी पेटीत ठेवली आणि पेटी घेऊन आत निघाले तर मागून आजींचा आवाज आला, माझ्यासाठी नव्हता, सरांसाठी होता. ते आतलं दार हातानं धरून उभे होते, मला वाट द्यायला.

"मास्तर, काय बघतोस? ती आत गेली की लाव ते."